इटलीच्या मिस्त्रीचं विमान

ऑपरेटरकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आईने त्यांना चहा दिला आणि त्यांनी आईकडे भिंत मागितली. म्हणजे कप हातात धरून बराच वेळ समोर बघत बसले आणि मग म्हणाले, भिंत फार सरळ आहे हो तुमची, तेवढी ती देवांची तसबीर आणि कॅलेंडर उतरवलं तर सहा फुटी चित्र आरामात पडेल. माझं लग्न तेव्हा ठरायचं होतं आणि घरात पाऊल टाकणारा प्रत्येक पोक्त पुरुष आईला कुठल्या तरी स्थळाचा मामा वाटायचा. असले मामा असतील तर मुलगी घरातच बरी, असं ते गेल्यावर ती म्हणाली.

मामा नव्हते ते. आमच्या संस्थेचे सिनेमा ऑपरेटर होते. नाशकातल्या एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत मी नुकतीच लागले होते, चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. निम्मा दिवस ग्रंथपाल आणि निम्मा दिवस कारकून. संस्थेच्या शाळा जिल्हाभर पसरलेल्या, चांदवडपासून हरसूल-सुरगाण्यापर्यंत. आणि त्या सगळ्या शाळांना मिळून सिनेमाचं मशीन एकच, सोळा मिलिमीटरचं, एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेलं. ती ट्रंक एसटीच्या टपावर चढवून शाळाशाळांतून माहितीपट दाखवत फिरायचं, हे ऑपरेटरकाकांचं काम. सेक्रेटरीसाहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना नुसतं ऑपरेटर म्हणायचे. मी वयाने लहान, म्हणून काका म्हणायचे. ते मला बाई म्हणायचे, त्यांची थोरली मुलगी माझ्याहून मोठी असूनही.

पन्नाशीचा, बुटका, काटकुळा माणूस. बुशशर्टाच्या खिशात फिल्म जोडायच्या सोल्युशनची बाटली असायची, त्यामुळे ते यायच्या आधी वास यायचा. जगातली प्रत्येक गोष्ट ते रिळात मोजायचे. सेक्रेटरींचं भाषण तीन रिळांचं. माझी मावसबहीण बोलायला लागली की पाच रिळांची, मध्ये मध्यंतर नाही. माझ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, बाई चांगल्या आहेत, पण ट्रेलरच फार मोठा. मला राग आला होता. माझ्या नाकावर तो तेव्हा बसलेलाच असायचा.

आधी ते गावातल्या एका टॉकीजमध्ये होते. ती नोकरी का गेली, ते त्यांनीच मला सांगितलं, अगदी सरळपणे, पावसापाण्याविषयी बोलावं तसं. मॅनेजरने पुढचा खेळ वेळेवर लागावा म्हणून सिनेमातलं एक गाणं आणि एक मारामारी गाळायला लावली. काकांनी गाळली. पण मध्यंतरात ते खाली उतरले, पडद्यासमोर उभे राहिले आणि तिकीट काढून आलेल्या लोकांना सांगितलं की तुमचं एक गाणं आणि एक मारामारी कापली आहे, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो. त्या दिवशी टॉकीजच्या खुर्च्यांचं जे व्हायचं ते झालं आणि काका दुसऱ्या दिवशी घरी बसले.

खोटं त्यांना सोसतच नसे, आणि त्यातही स्वतःचं. कचेरीत माझ्या टेबलामागे एक खिळा होता, त्यावर त्यांच्या चिठ्ठ्या टोचलेल्या असायच्या. वरती 'दुरुस्ती' असं लिहायचं आणि खाली मजकूर. काल खेळ पाच मिनिटं उशिरा सुरू झाला असे मी म्हणालो, ती सात मिनिटे होती. मंगळवारी मी शिपायाला आळशी म्हणालो, त्याला ताप होता. त्यांचं घर नाशिकरोडच्या एका कॉलनीत होतं. भिंतीवर एकच बुद्धाची तसबीर, तीही कोपऱ्यात, कारण मधली जागा पडद्यासाठी मोकळी सोडलेली. तिथे एकदा काकूंनी मला ट्रंकेच्या तळातून एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढून दाखवली. लग्न ठरल्यावर चार दिवसांनी आलेली. 'मुलगी बघायला आलो तेव्हा मी सातवी पास म्हणालो. मी सहावी नापास आहे. विचार करून कळवावे.' मग तुम्ही काय केलंत, मी विचारलं. काकू म्हणाल्या, काय करणार, असा माणूस हातचा घालवतात का.

आता मिस्त्रींकडे येते.

मुंबईतल्या एका परदेशी कचेरीने संस्थेला एक माहितीपट भेट दिला. तीन रिळं, इटलीच्या त्या जगप्रसिद्ध चित्रकारावर. तोच तो पांढऱ्या दाढीचा, ज्याने गूढ हसणाऱ्या बाईचं चित्र काढलं आणि पाचशे वर्षांपूर्वी यंत्रांचे नकाशे काढून ठेवले. इंग्रजी प्रत येणार होती. आली ती इटालियन. सेक्रेटरी म्हणाले, भेट परत पाठवणं बरं दिसत नाही, राहू दे कपाटात. पण काकांना कपाटातली फिल्म बघवत नसे. बंद डब्यात माणूस गुदमरतो, म्हणायचे. त्यांनी ती फिल्म स्वतःच्या घरच्या भिंतीवर सलग महिनाभर पाहिली, आवाज बंद करून, आणि मग सेक्रेटरींना जाऊन सांगितलं की ही मी शाळांमधून दाखवतो. बोलणं मी बोलतो. इटालियन येतं का तुम्हाला, असं साहेबांनी विचारल्यावर काका म्हणाले, नाही येत, पण जेवढं दिसतं तेवढंच सांगेन, जास्तीचं सांगणार नाही.

आणि खरंच, त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. चित्रकार म्हणून ते त्या माणसाला कधी ओळखायला तयार झाले नाहीत. फिल्मभर तो माणूस करवत, हातोडा, चाकं, कप्प्या घेऊन बसलेला, चित्रं आपली अधूनमधून. तेव्हा तो मिस्त्री. 'हे बघा, मिस्त्री उठले. चहा नाही, पाणी नाही, लागले कामाला.' वर्गाच्या खिडक्यांना शिक्षकांनी घरून आणलेल्या घोंगड्या लावलेल्या, आत पोरं दाटीवाटीने बसलेली, आणि मशीनच्या खडखडाटावर काकांचा आवाज. ती गूढ हसणारी बाई आली की म्हणायचे, मिस्त्रींनी हिला सांगितलंय हसू नको, म्हणून तिला हसू येतंय. शेवटच्या जेवणाचं ते मोठं चित्र आलं की म्हणायचे, ही पंगत बघा, सगळे एकाच बाजूला बसलेत, कारण समोरून वाढपी यायचाय. मी पंडितांचं लिहिलेलं नंतर पुष्कळ वाचलं. वाढप्याचा विचार एकानेही केलेला नाही.

चांदवडच्या खेळाहून ते परत आले तेव्हा जमिनीवर पाय नव्हते. मिस्त्रींच्या लहानपणाचा भाग सांगताना सगळी शाळा रडली म्हणे, हेडमास्तरांसकट. दोन दिवसांनी खिळ्यावर चिठ्ठी. 'दुरुस्ती. चांदवडला लोक रडले ते शेजारच्या खोलीत कांदा निवडायला घेतला होता म्हणून.' हरसूलला दुसऱ्या रिळात वीज गेली. कोणी उठेना. मग काकांनी उरलेला सिनेमा अंधारात तोंडी सांगितला, अगदी कोण कुठल्या दारातून आत येतो इथपर्यंत. वीज आल्यावर त्यांनी मशीन लावलं तर मागून एक म्हातारा म्हणाला, "आवं, हे झालं की सांगून. फुडचं लावा."

पण सगळ्यांचा जीव अडकायचा तो तिसऱ्या रिळात. मिस्त्री पाखरं बघत बसतात, पंखांची चित्रं काढतात, मग लाकूड आणि कापड घेऊन माणसाएवढे पंख तयार करतात. ते पंख एका टेकडीवर नेतात. माणूस पंख बांधून कड्यावर उभा राहतो. आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर खाली नदी, शेतं, छोटी छोटी घरं, सगळं वरून, तरंगत तरंगत. इथे काकांचा आवाज चढायचा. 'उडालं. मिस्त्रींचं विमान उडालं.' आणि पोरं असा गलका करायची की घोंगड्या खाली यायच्या. सातआठ वर्षं, जिल्हाभर, शाळा घ्या कोणतीही, पोरांना देशाचे राष्ट्रपती सांगता यायचे नाहीत, पण इटलीच्या मिस्त्रींचं विमान उडालं हे पाठ.

आता माझं पाप सांगते. आमच्या लायब्ररीत एक इंग्रजी ज्ञानकोश होता. त्याच्यावर धूळ बसू द्यायचं काम माझ्याकडे होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका रिकाम्या दुपारी मी सहज तो खंड काढला आणि मिस्त्रींचं पान वाचलं. विमान उडालं नव्हतं. नकाशे काढले, पंख बहुधा बांधलेही असतील, पण उडाल्याचा कुठेच पुरावा नाही, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी तो खंड छातीशी धरून काकांच्या खोलीत गेले. ते फाटलेली फिल्म जोडत होते आणि शिपायाला सांगत होते की सुरगाण्याकडच्या शाळेतली पोरं खेळ संपल्यावर मागच्या डोंगरावर चढली आणि हात पसरून तिथेच उभी राहिली, गुरुजींनी हाका मारल्या तरी खाली येईनात. सांगताना त्यांचे स्वतःचे हात पसरलेले होते, एका हातात कात्री. मी तशीच मागे फिरले. म्हटलं, कोणाचं काय बिघडतंय. ज्ञानकोश फडताळात ठेवला आणि तोंडाला कुलूप लावलं. मला ओळखणाऱ्यांना विचारा, हे काही सोपं काम नव्हतं. सहा वर्षं मी गप्प बसले.

मग एक्याऐंशी सालच्या सुमाराला संस्थेने कलाशिक्षकांचं शिबिर भरवलं. मुंबईच्या एक प्राध्यापिका पाहुण्या म्हणून यायच्या होत्या. त्या तीन वर्षं इटलीत राहून शिकून आलेल्या. सेक्रेटरींच्या डोक्यात कल्पना आली. ती फिल्म लावू, या वेळी तिच्या खऱ्या आवाजासकट, आणि बाईसाहेब बसल्या जागी मराठीत सांगत जातील. शिबिराला येणाऱ्या शिक्षकांपैकी निम्म्यांनी काकांचा खेळ आपापल्या शाळेत पाहिलेला होता. दोघेतिघे तर असे की ज्यांनी तो विद्यार्थी म्हणून पाहिला आणि आता मास्तर होऊन आले होते.

काकांना कोण आनंद. इतकी वर्षं मिस्त्रींना बघतोय, आता बोलताना ऐकू येतील, असं म्हणत त्यांनी मशीन पुसून लख्ख केलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले. मला मात्र पुढचं दिसत होतं. इतक्या लोकांत, इतक्या ओळखीच्या तोंडांसमोर या माणसाला कळणार की आपण पोरांना खोटं सांगत आलो. आणि त्यांना बाकी काहीही चाललं असतं, हे सोडून.

मी काय केलं असेल? सांगायलाही लाज वाटते. त्या मशीनमध्ये एक छोटा दिवा असतो, अंगठ्याएवढा. तो नसला तर चित्र दिसतं, पण फिल्मवरचा आवाज निघत नाही. काका जेवायला गेले तेव्हा मी तो काढला आणि पर्समध्ये टाकला. ट्रंकेत जादा दिवा होता, तोही घेतला. म्हटलं, आवाजच नाही निघाला तर पाहुण्याबाई काय सांगणार, काका नेहमीसारखे बोलतील, शिबिर उरकेल.

हॉल भरला. खिडक्यांना सतरंज्या लागल्या. काकांनी मशीन उघडलं, बघितलं, ट्रंक उघडली, बघितलं. शिपायावर ओरडले नाहीत, कोणाला विचारलं नाही. कमरेवर हात ठेवून सावकाश सगळ्या हॉलभर नजर फिरवली आणि ती माझ्यापाशी येऊन थांबली. ते चालत माझ्याजवळ आले.

"बाई, आवाजाचा दिवा तुमच्याकडे आहे का?"

मी मान खाली घातली, पर्स उघडली आणि दोन्ही दिवे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते घेतले, पण जागचे हलले नाहीत. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "कुठं चुकलोय?"

त्या दोन दिव्यांवरूनच त्यांना सगळं समजलं होतं. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "तिसऱ्या रिळात. विमान."

त्यांनी मान हलवली, परत गेले, दिवा बसवला, आणि फिल्म सुरू केली. माझ्यासारखीने मशीनच पाडलं असतं. पहिल्या दोन रिळांत पाहुण्याबाई छान सांगत होत्या, लोक हसत होते, आणि मला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तिसरं रीळ काकांनी स्वतःच्या हातांनी चढवलं. पाखरं झाली, पंख झाले, टेकडी आली. आणि पाहुण्याबाईंनी सांगितलं की हे यंत्र कधी उडालं याचा काहीच पुरावा नाही. हे वरून दिसणारं दृश्य फिल्मवाल्यांनी विमानात बसून घेतलेलं आहे, नुसती एक कल्पना म्हणून. हॉलमधल्या निम्म्या माना मागे वळल्या, मशीनकडे. काका मशीनच्या उजेडात उभे होते. लपायला जागा नव्हती आणि ते लपले नसतेही.

रीळ संपल्यावर दिवे लागले. काकांनी मागूनच विचारलं, म्हणजे उडालं नाही? पाहुण्याबाई म्हणाल्या, नाही. नक्की? नक्की. बरं, म्हणाले काका, आणि फिल्म गुंडाळायला बसले.

त्या प्राध्यापिका मोठ्या मनाच्या. त्यांना कोणीतरी सगळी हकिकत सांगितली असावी. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी सोडून त्या काकांच्या खोलीत बसल्या आणि तिन्ही रिळांतलं बोलणं त्यांना शब्दाशब्दाने मराठीत लिहून दिलं. पंगतीचा आणि हसणाऱ्या बाईचा काकांचा खुलासा ऐकून त्या इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा पडला. हे पुस्तकात कुठे नाही, पण माझ्या वर्गात मी सांगणार, म्हणाल्या. काकांनी त्यांना बजावलं की सांगा, पण आधी सांगा की हे नाशिकच्या ऑपरेटरचं मत आहे, त्याला इटालियन येत नाही.

आणि सोमवारी त्यांनी अर्ज दिला. जिथे जिथे चुकीचा खेळ झाला त्या सगळ्या शाळांत जाऊन दुरुस्ती करण्याची परवानगी मिळावी. सेक्रेटरी आधी हसले, मग वैतागले. अहो ऑपरेटर, पाचशे वर्षांपूर्वीचं विमान, उडालं काय, पडलं काय, आपल्या संस्थेचं काय अडलंय? काका म्हणाले, "अंधारात सांगितलंय साहेब. अंधारात बसलेला माणूस शंका घेत नाही. उजेडात सांगितलं असतं तर वेगळं." साहेबांनी मशीन न्यायला हो म्हटलं, पण संस्थेच्या कामात हे बसत नाही, स्वतःच्या रजेत जा. काकांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. साठवलेली सगळी रजा त्यांनी मिस्त्रींच्या विमानावर लावली.

माझ्याशी ते पंधरा दिवस बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी टेबलाशी आले आणि म्हणाले, निम्मी चूक माझी, निम्मी तुमची. मी न कळता सांगत होतो, तुम्ही कळून गप्प होता. तुमची निम्मी कोण निस्तरणार? माझं तोवर लग्न झालं होतं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, जा बाई, सहा वर्षांचं न बोललेलं एकदाचं बोलून ये, घरातला कोटा तरी कमी होईल. तेव्हा शनिवार-रविवारी मी ट्रंकेमागे.

चांदवडला त्या वेळची पोरं कुठली सापडायला. काकांनी तरी गावात निरोप धाडले आणि पाचसहा मिशाळ बाप्ये मागच्या बाकांवर येऊन बसले. फिल्म झाली, काकांनी हात जोडून सांगितलं की उडालं नव्हतं, मी चुकीचं सांगितलं. एक जण उभा राहिला, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि म्हणाला, "काका, मंग आम्ही दोघा भावांनी सुपं बांधून शाळेच्या पत्र्यावरून उडी घेतली ती कशापायी?" गुडघ्यावर वीतभर व्रण. सगळे पोट धरून हसले, तोही हसला. काकांनी मात्र खाली वाकून तो व्रण नीट बघितला आणि त्या गुडघ्याची माफी मागितली. त्या माणसाला कुठे बघावं कळेना. जाताना त्याने आमच्या ट्रंकेवर पसाभर कांदे ठेवले.

हरसूलला बाजाराचा दिवस होता. लोक म्हणाले, जाऊ द्या ना ऑपरेटर, आमच्यापुरतं उडालेलंच राहू द्या, लय भारी वाटतं. काकांना मी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं चिडलेलं पाहिलं. तुमच्यापुरतं असं काही नसतं, म्हणाले. एक तर उडालं, नाहीतर नाही. रात्रंदिवस कष्ट करून तो माणूस जिथे पोचला नाही तिथे मी त्याला फुकट नेऊन ठेवला, हा त्याचा अपमान आहे. गाडीत मला म्हणाले, बाई, मला त्या मिस्त्रीचंच जास्त वाईट वाटतं. पंख केले, टेकडीवर नेले, आणि मग?

अशा नऊ शाळा झाल्या. प्रत्येक ठिकाणी ते 'उडालं नाही' म्हणायचे आणि दर वेळी मला त्यांचा चेहरा आधीपेक्षा लहान झाल्यासारखा वाटायचा. काकू म्हणाल्या, हल्ली घरी भिंतीकडे बघतसुद्धा नाहीत.

शेवटची शाळा सुरगाण्याच्या पलीकडची. तीच, जिथली पोरं हात पसरून डोंगरावर उभी राहिली होती. एसटी संपली तिथून जीप केली, ट्रंक आमच्या दोघांच्या मांडीवर. पोचलो तर गुरुजी नवे. जुनी पोरं मोठी होऊन आईबापांबरोबर मजुरीला बाहेर गेलेली, गावात एकही नाही. वर्गात बसलेली चाळीसएक पोरं अगदी लहान, त्यांनी जन्मात सिनेमा पाहिलेला नव्हता.

मी दमले होते. म्हटलं, काका, यांना चुकीचं कोणी सांगितलेलंच नाही, मग दुरुस्ती कोणाची करायची? चला परत. काका म्हणाले, मशीन इतक्या लांब आणलंय, पोरं बसलीत, खेळ तर होईल. आणि घोंगड्या लावायला लागले.

त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं. इथे त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. इथे ते काहीही सांगू शकले असते.

पहिलं रीळ झालं, दुसरं झालं. पोरं वाढप्याला हसली, त्या बाईला हसली. तिसऱ्या रिळात पाखरं आली तेव्हा वर्ग इतका चिडीचूप झाला की कोणाचं तरी नाक वाहत होतं तेही ऐकू आलं. टेकडी आली. पंख बांधलेला माणूस कड्यावर उभा राहिला. आणि मग ती नदी, ती शेतं, ती छोटी घरं, सगळं खाली. पुढच्या रांगेतली एक मुलगी, दोन वेण्यांची, उभीच राहिली आणि ओरडली, "उडालं!" सगळी पोरं ओरडली. मशीन थांबवता येत नाही, थांबवलं की दिव्याच्या उष्णतेने फिल्म जळते. जे बोलायचं ते चालत्या चित्रावरच बोलायचं.

काका म्हणाले, "नाही रे बाळांनो. उडालं नाही."

गलका विरला. पोरं पडद्याकडे बघत होती, पडद्यावर अजून शेतं सरकत होती. ती मुलगी बसली नव्हती. तिने मागे वळून सरळ काकांकडे बघितलं.

"मंग ह्ये वरून कोनी बघितलं?"

काका म्हणाले की हे त्याच्या मागून आलेल्या माणसांनी बघितलं. तो गेला, मग लय वर्षं गेली, मग दुसऱ्या माणसांनी पाखरांकडे असंच बघून बघून पंख केले, आणि त्यात बसून हे वरून काढलं.



"म्हंजे उडालंच की," ती म्हणाली. "उशिरा उडालं."

मी काकांकडे बघितलं. मशीनच्या उजेडात त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. जिल्हाभर फिरून, दहा शाळा पालथ्या घालून जे त्यांना आणि मला सापडलं नव्हतं, ते या शेंबड्या पोरीने उभ्या उभ्या सांगितलं होतं.

"हो," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल इतका. "उशिरा उडालं."

आणि पोरांनी असा गलका केला की खिडकीवरची घोंगडी खाली आली, भसकन ऊन आत शिरलं आणि पडद्यावरची नदी दिसेनाशी झाली. काकांनी घोंगडी उचलली नाही. मीही नाही.